कुलूपनानाचा डोळा

आमच्या धंद्यात माणूस आधी संशय घ्यायला शिकतो आणि मग गायला. गावात शिरलं की पाटील आज इतका गोड का बोलतोय, जोंधळे देणारीनं सूप झाकून का आणलंय, मागच्या वर्षी ज्याच्यावर टाळ चोरल्याचा वहीम होता तो पहिल्या रांगेत का बसलाय, हे सगळं बघून घ्यावं लागतं. माझी ही सवय अजून गेलेली नाही. दिवाळी अंकासाठी लिहा असा निरोप आला, तेव्हाही मी बरेच दिवस विचार करत होतो की या लोकांना माझ्याकडून नक्की काय काढून घ्यायचंय. शेवटी सून म्हणाली, मामंजी, लिहा की, वाचतंय कोण. तेव्हा बसलो.

आम्ही चित्रकथी. आताच्या पोरांना हा शब्द सांगावा लागतो. जाड कागदावर रंगवलेली चित्रं असतात, दोन चित्रं पाठीला पाठ लावून खळीनं चिकटवलेली, ते एक पान. अशा पानांचा गठ्ठा म्हणजे पोथी. देवळाच्या मंडपात लोक समोर बसतात. पान फळीला टेकवून त्यांच्याकडे तोंड करून उभं करायचं, आपण मागं बसायचं आणि गात, बोलत कथा सांगायची. माझा थोरला भाऊ सोपानदादा वीणा धरायचा आणि पानं बदलायचा. मी पानाला अगदी खेटून, मुंडकं बाजूनं बाहेर काढून बसायचो आणि सगळ्यांचे आवाज काढायचो, राजाचा, राक्षसाचा, म्हातारीचा. लोकांना पान दिसायचं आणि त्याच्या शेजारी माझं तोंड दिसायचं. मला दिसायची पानाची पाठ, म्हणजे भलतंच चित्र. लोक ज्याला हसतायत ते आपल्याला दिसत नाही, असा हा धंदा आहे.

कथा देवादिकांच्या. पण त्या लांबल्या की पोरं पेंगायची आणि म्हातारे कुठली तरी थकबाकी आठवल्यासारखे उठून जायचे. म्हणून आमच्या आजोबांनी मधेमधे घालायला तीन माणसं काढली. एक फकीरबा, साधाभोळा सालगडी. दुसरी त्याची बायको सखू. आणि तिसरा कुलूपनाना, मालकाचा कारभार बघणारा, ज्याला दिसेल त्या वस्तूला कुलूप घालायची खोड. तो कणगीला कुलूप घालायचा, आडाला घालायचा, एका वर्षी त्यानं बैलाच्या तोंडाच्या मुसक्याला कुलूप घातलं आणि किल्ली हरवली. दर वर्षी त्यांची नवी पानं निघायची. लोक देवाची कथा ऐकायला येत असतील, पण मंडपात पाय ठेवताच विचारायचे, औंदा कुलूपनानानं काय केलं.

वर्षं गेली तशी ती माणसं बदलत गेली. आजोबांच्या वेळी फकीरबा लंगोटीवर होता, वडलांच्या वेळी त्याला धोतर मिळालं, दादाच्या वेळी गुंड्यांची बंडी. वयानं मात्र तो वाढला नाही. ज्यांनी त्याला लहानपणी पाहिला ते नातवंडं घेऊन यायचे आणि फकीरबा आपला तसाच, मिसरूड न फुटलेला, मोठ्या गोल डोळ्यांचा. कुलूपनानाच्या कमरेला आधी चार किल्ल्या होत्या, मग जुडगा झाला, मग हातात छत्री आली. छत्री मी सुचवली होती, कारण त्या सुमाराला बरेच कारभारी छत्री घेऊन हिंडायला लागले होते. आणि सखू. आजोबांची सखू पाठमोरी असायची, डोक्यावरून पदर, कमरेत वाकलेली. लिंबागणेशच्या देवळात एक म्हातारी दर वर्षी पुढं येऊन बसायची आणि विचारायची, सखू अजून वाकूनच हाय का. एका वर्षी ती नुसती डोळे पुसत बसली. मी कथा आटोपल्यावर पान उलटून पाहिलं तर सखू ताठ उभी होती, तोंड वळवलेलं, आणि कुलूपनानाला काहीतरी सुनावत होती. मी दादाला म्हणालो, हे कधी केलंस. तो म्हणाला, जमून गेलं.

मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण ज्या गोष्टीची यायला हवी तिचीच कधी येत नाही.

चित्र काढायची रीत अशी. जुनं पान झिजलं की त्याच्यावर नवा कागद ठेवून गेरूनं रेघा उचलायच्या, मग रंग भरायचे. चेहरे सगळ्यात शेवटी. चेहरे भरताना खोलीचं दार लावायचं, वाऱ्यानं धूळ बसू नये म्हणून. आत दोघंच, काढणारा आणि रंग घोटून देणारी. वडील असताना वडील आणि आई. त्यांच्या माघारी दादा आणि गोदावैनी. वैनी पैठणकडची, चित्रकथ्याचीच लेक, तिला रंगाची जाण होती म्हणूनच वडलांनी तिला करून आणली. मी दाराबाहेर बसून टाळांच्या दोऱ्या वळायचो. माणसं सगळी एका बाजूनं काढलेली असायची, एक नाक, एक हनुवटी, एक मोठा डोळा. झिजलेलं जुनं पान गंगेला नेऊन सोडायचं, घरात ठेवायचं नाही.

आता प्रकरण सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, कचेरी कुठली तेही नाही. त्या बाजूला अजून आमची सोयरीक आहे आणि कोण कुठं वाचून काय लावून घेईल याचा भरवसा नाही.

त्या गावात एक देशमुख होते. त्यांच्या मंडपात आमची कथा लागली होती. कुलूपनानाचं पान उभं राहिलं आणि लोक असे हसायला लागले की मला माझा आवाज ऐकू येईना. मी आणखी जोर लावला. देशमुख उठून गेले. थोड्या वेळानं अमीनसाहेब, म्हणजे आताचा फौजदार म्हणा, दोन जवान घेऊन आले, पोथी बांधली आणि आम्हा दोघांना चालवत तालुक्याला नेलं. देशमुखांची तक्रार होती की या लोकांनी माझं तोंड काढून गावोगाव हसं चालवलंय. त्यांच्या गावातली पोरं त्यांना पाठीमागून कुलूपनाना म्हणायला लागली होती.

निजामाच्या राज्यात चार माणसं जमवून काही करायचं तर आधी इजाजत लागायची. आमच्याकडे ती होती, पण त्या कागदावर देवाच्या कथा असं लिहिलेलं होतं, कुलूपनाना नव्हता. अमीनसाहेब पान हातात धरून विचारत होते, ये किसका मुँह है. दादा म्हणाला, कुणाचंच न्हाई साहेब, आजापासनं चालत आलंय. मग जुनं पान दाखव. जुनं पान गंगेला गेलेलं. साहेब हसले. त्यांच्या दृष्टीनं पुरावा नदीत टाकणारा माणूस म्हणजे गुन्हेगारच, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं.

काढणारा कोण, असं विचारल्यावर दादा म्हणाला मी. म्हणून त्याला कोठडीत घातलं आणि मला बाहेर ठेवलं. देशमुखांचं समाधान झालं नाही तर पोथी कचेरीच्या अंगणात जाळायची आणि दादाला जिल्ह्याला पाठवायचं, असं ठरलं. जिल्ह्याला गेलेला माणूस कधी परत येईल हे त्या काळी कुणी सांगू शकत नव्हतं. आणि पोथी गेली तर आमचं काय उरणार होतं? तीन पिढ्यांची पानं होती ती. देवाची पानं पुन्हा काढायला आयुष्य गेलं असतं.

मला दादाचा संशय आला. याच देशमुखांनी पूर्वी आमच्या वडलांना भर कथेतून उठवलं होतं, कुणी पाहुणा आला म्हणून. वडलांनी तसाच वीणा उचलला होता. दादा तेव्हा जवळ होता. त्यानं ते मनात ठेवलं आणि चेहऱ्यात काढलं, असं मी धरून चाललो. कोठडीच्या गजांपाशी जाऊन मी त्याला हळूच विचारलं, खरं सांग, देशमुखाचं तोंड तूच उतरवलंस ना. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला राग आला. तो म्हणाला, "तूच कुठंतरी बाजारात देशमुखाचं नाव घेऊन बरळलास बे. म्हून हे झालं." म्हणजे त्याला माझा संशय होता. गजाच्या दोन्ही बाजूंना दोन भाऊ, आणि दोघांनाही वाटत होतं की दुसऱ्यानं घात केला.

अमीनसाहेब पक्के होते. त्यांनी जिथं जिथं आमची कथा होते तिथून माणसं बोलावली. युसूफ वडगावच्या बाजारात फळं विकणारे एक बागवानचाचा आले. त्यांनी पान पाहिलं आणि शपथेवर सांगितलं की हा आमच्या बाजारातला दलाल आहे, दुसरा कोण. लिंबागणेशकडून आलेला माणूस म्हणाला, हा आमच्या गावचा कोठारी. केजकडचा एक शेतकरी आला, त्यानं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, साहेब, माझा सासरा हाय ह्यो. देशमुख खुर्चीवर बसून हे सगळं ऐकत होते आणि प्रत्येक साक्षीनंतर त्यांचा चेहरा अधिकच पडत होता. साहेबांना वाटलं की सगळे मिळालेले आहेत. त्यांनी साक्षी बंद केल्या.

मग त्यांनी दादापुढं कागद आणि काजळी ठेवली. म्हणाले, हाच चेहरा माझ्यासमोर काढ. तुझा हात बघू दे.

दादानं आधी घोडा काढला. सुंदर काढला, पायात वारा असलेला. मग छत्री काढली, किल्ल्यांचा जुडगा काढला. आणि चेहऱ्यापाशी त्याचा हात थांबला. त्यानं एक नाक काढलं, ते भेंडीसारखं झालं. पुसून दुसरं काढलं, ते त्याहून वाईट. डोळा काढला तो कानात गेला. जवान तोंड दाबून हसत होते. अमीनसाहेब मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "बन रहा है. कल तक सीधा काढेगा नहीं तो पोथी जलाता हूँ."

मलाही वाटलं की दादा मुद्दाम करतोय. हात दाखवला तर पकडला जाईन म्हणून. घरी जाऊन मी वैनीला सगळं सांगितलं. घोडा सांगितला, नाक सांगितलं. म्हणालो, दादाचा हट्ट आपल्याला बुडवणार. ती भाकरी थापत होती. तवा उतरवून म्हणाली, सकाळी मी येते भाकरी घेऊन.

सकाळी आम्ही कचेरीत पोचलो तेव्हा देशमुख आधीच येऊन बसले होते. अंगणात जवानांनी काटक्या रचून ठेवल्या होत्या. वैनी उंबऱ्याबाहेर, दाराच्या आडोशाला, हनुवटीपर्यंत पदर ओढून बसली. भाकरीचं फडकं तिनं जवानाकडे दिलं आणि तिथूनच बोलली. कचेरीत बाई बोलते हे ऐकून कारकुनांनी माना वर केल्या.

"साहेब, त्वांडं मी भरते. ह्यांना घोडं जमतंय, त्वांड न्हाई जमत."

कोठडीतून दादा ओरडला, गप बस, घरला जा. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तो इतके दिवस का गप्प होता. बायकोला कचेरीत ओढतील म्हणून. मी मात्र त्याला हट्टी ठरवून बसलो होतो.

अमीनसाहेबांनी विचारलं, देशमुखसाहेबांना कुठं पाहिलंस? त्यांच्या स्वतःच्या घरात पडदा होता, त्यामुळे त्यांनी तिला आत बोलावलं नाही, आवाजही चढवला नाही.

"म्या कुठं बघू? परक्या बाप्याम्होरं पदर असतोय. मामंजी व्हते तवा त्यांच्याम्होरं पदर. ह्यांचं तर नावसुदीक घेता येत न्हाई, त्वांड चारचौघांत कसं मांडू? दिराकडं तेवढं उघड्या डोळ्यानं बघायला भेटतंय. मला बाप्याचं एकच त्वांड येतंय साहेब. ते तितं हुबं हाय बघा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं. मग एका जवानाला पान भिंतीला लावून धरायला सांगितलं आणि मला म्हणाले, बाजू से खडा रह.

मी आडवा उभा राहिलो. दारातून सकाळचं ऊन सरळ आत येत होतं. चुन्याच्या भिंतीवर माझी सावली पडली, पानाच्या अगदी शेजारी. मी डोळे फिरवून पाहिलं. तेच नाक, मधे उंचवटा असलेलं. तीच पुढं आलेली हनुवटी. तीच गळ्याची घाटी. आरशात माणूस समोरून दिसतो, आणि आमच्या घरी तर आरसाही नव्हता, न्हावी दाखवेल तेवढाच. स्वतःची ही बाजू मी जन्मात पाहिली नव्हती, आणि तिकडे सगळा मुलूख वर्षानुवर्षं ती पाहत होता. सावलीला डोळा नसतो, तो अमीनसाहेबांनी जवळ येऊन पाहिला. चित्रातलं बुबुळ कोपऱ्यात सारलेलं होतं, तिरकं बघणारं.

साहेब म्हणाले, "आँख भी वोईच है. हर आदमी कू चोर समझने वाली."

आधी दादा हसला, कोठडीत. मग जवान, मग कारकून, मग स्वतः साहेब. मी तसाच आडवा उभा होतो, कारण सरळ व्हायला कुणी सांगितलं नव्हतं. देशमुखांनी तेवढं विचारलं की मग पोरं मला का तसं म्हणतात.

दादा सुटला, पोथी मिळाली. मुचलका मात्र लिहून घेतला की कुलूपनानाचं तोंड पुन्हा दाखवणार नाही. वैनीनं त्याच्या तोंडासमोर उघडी छत्री काढून दिली, काम भागलं. पुढच्या जत्रेला लिंबागणेशात ते पान उभं राहिलं. लोकांनी छत्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पूर्वी कधी हसले नव्हते इतके हसले. तेव्हा मला कळलं की ही माणसं आधीपासून पान आणि मी असे दोघं मिळून बघत होती. मी आपला समजत होतो की माझ्या आवाजाला दाद देतायत. या वयातही ते आठवलं की कानशिलं तापतात.

मी वैनीशी बरेच दिवस बोललो नाही. घरातल्या कणगीच्या किल्ल्या वडलांच्या माघारी माझ्याकडे होत्या, दादा वेंधळा म्हणून. मी एकदा तिच्यावर आळ घेतला होता की पैठणला येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर जोंधळे पाठवतेस. त्याच वर्षी नानाच्या किल्ल्यांचा जुडगा झाला होता हे मला आता जुळायला लागलं. एका दुपारी ती पिवळ्या रंगासाठी हरताळ घोटत बसली होती, तेव्हा मी शेवटी विचारलंच. म्हणालो, एकच तोंड येत होतं तर येत होतं. पण लबाडाला मीच का, कावून?

तिनं घोटणं थांबवलं नाही. म्हणाली, "आदी फकीरबा तुमालाच केलंतं भावजी. म्या या घरात आले तवा तुमी तसंच बघत व्हता. समद्यांकडं, डोळं भरून. मंग तुमी बघायचं बदललं. फकीरबा म्या तसाच ठिवला. नवं त्वांड नानाला गेलं."

मी उठून बाहेर गेलो. मला रडू आलं, ते मी कुणाला दिसू दिलं नाही.

पुढं निजाम गेला, मुचलक्याला विचारणारं कुणी उरलं नाही. वैनीनं म्हातारपणी, हात कापत असताना, एक शेवटची पोथी रंगवली. त्यात नानाची छत्री मिटलेली आहे असं दादा म्हणाला होता. मी नेहमीसारखा पानामागं बसून आवाज काढले, आणि त्या वर्षी लोक कमी हसले म्हणून धंदा बसला असं धरलं. मग दादा गेला, त्याच्या मागोमाग वैनी गेली. तेव्हा पोथी बांधली ती मी पुन्हा सोडली नव्हती. या लिखाणासाठी म्हणून परवा सोडली.

नानाचं पान मी दारात उजेडाला नेलं. नाक माझं, हनुवटी माझी, गळ्याला सुरकुत्यासुद्धा काढलेल्या. बुबुळ मात्र कोपऱ्यात नव्हतं असं मला वाटलं. मधोमध होतं. पण माझ्या नजरेचा काय भरवसा, मोतीबिंदू झालेला. कागद ओलीनं फुगून सरकलं असेल. म्हणून सुनेला हाक मारली. तिनं आमची कथा कधी पाहिलेली नाही, नातवंडांना मी सांगतो ती तेवढी ऐकलीय. किल्ल्या आणि छत्री पंच्यानं झाकून पान तिच्या हातात दिलं आणि म्हणालो, हा कोण ते सांग.

तिनं पान जवळ धरून पाहिलं. म्हणाली, "फकीरबा असंल. म्हातारा झालाय, पर बघतोय कसा भोळ्यावाणी."

ती चूल सोडून आली होती, ती परत गेली. पान अजून माझ्यासमोर भिंतीला टेकवलेलं आहे, आणि मला बरं वाटावं म्हणून ती तसं बोलली का, हा संशय काही केल्या जात नाही.